शलाकाचं केळवण

माझं माहेर मिरजेचं, सासर कराडचं, आणि आयुष्य सगळं गेलं ते इथे दिल्लीत, आधी पहाडगंजला आणि मग गाझियाबादला. मिस्टर सरकारी ऑफिसात क्लार्क होते, पुढच्या वर्षी बदली करून घेऊ, पुढच्या वर्षी करून घेऊ म्हणता म्हणता ते रिटायर व्हायला आले आणि त्याच्या आधीच गेले. मुलगा कॉलेजात होता तेव्हा. मग मी डबे सुरू केले. काय सांगू तुम्हाला, पुण्या-मुंबईची पोरं नोएडा-गुडगावच्या कंपन्यांत येतात, चार दिवस छोले-भटुरे हौसेने खातात आणि मग त्यांना वरणभात आठवतो, तिथून पुढे ती माझी.

शलाका तशीच आली. पुण्याची, कॉम्प्युटरवाली, शेजारच्याच सोसायटीत राहायची. रविवारी डबा न्यायला म्हणून यायची आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसूनच जेवायची. बरोबर रचना असायची, देहरादूनची, एका शाळेत शिकवते. मला वाटायचं रूममेट आहे, कितीतरी दिवस मला रूममेटच वाटत होती. मग एकदा शलाकाने सांगितलं, मावशी, आम्ही दोघी एकत्र आहोत, म्हणजे नवरा-बायको असतात तशा. मी पोळी लाटत होते, मी म्हटलं अच्छा. तव्यावरची पोळी करपली. मग विचारलं, घरी माहीत आहे का, तर म्हणाली, आईला सांगितलं, आई म्हणाली हा विषय असेल तर फोन करू नकोस. बाबा नाहीत तिला, आईच. हे ऐकून मात्र मला राग आला. मलाही ते सगळं नवीनच होतं हो, पण लेकीला फोन करू नकोस म्हणायचं म्हणजे काय.

तरी माझं मन खरं फिरलं ते दवाखान्यात. शलाकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. रचनाने तिला रिक्षात घालून नेलं, तिला कुठली गोळी चालत नाही, मागचे रिपोर्ट कुठे आहेत, सगळं हिला तोंडपाठ. काउंटरवरची बाई म्हणते, आप कौन लगती हैं. रचनाने सांगितलं. ती म्हणाली, नहीं नहीं, घरवालों को बुलाइए. तेवढ्यात मी पोचले, मी म्हटलं मैं मौसी हूँ. झालं, मौसीजी यहाँ साइन कीजिए. ना आधार कार्ड विचारलं, ना काही. आता मी कुठली मावशी, ना नात्याची ना गोत्याची, डब्याची ओळख. आणि जिने तिच्याबरोबर संसार मांडलाय ती बाकावर बसलेली, पर्स पोटाशी धरून. सही करताना मला लाज वाटली, खूप लाज वाटली.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर जायला लागले. अशा मुलांच्या आईवडिलांचा एक ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात. मी कुणाची आई नव्हते तिथे, पण थालीपीठं न्यायचे म्हणून सगळे मलाच आधी विचारायचे, मौसी आईं क्या. नव्या आयांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं. बाई रडत असते, मी नुसती शेजारी बसते, पाणी देते, मग ती आपणहून बोलते. अशा जोडप्यांच्या लग्नाची केस तेव्हा मोठ्या कोर्टात चालू होती, सगळ्यांचे डोळे तिकडे. आणि निकाल आला, की हा अधिकार देणं आमच्या हातात नाही, कायदा करायचा तर संसदेने करायचा.

त्या संध्याकाळी दोघी माझ्याकडे आल्या. रचना रडत होती आणि शलाका ताटाकडे नुसती बघत बसली. म्हणाली, मावशी, आम्ही तरी करणार, मित्रमंडळींसमोर हार घालू, रचनाचा भाऊ येतोय, पण माझ्याकडचं कुणीच नसेल. मी म्हटलं, केळवण तर होऊ दे. माझा मुलगा इथेच वाढलेला, तो म्हणतो केळवण म्हणजे? घ्या. म्हटलं अरे, लग्नाआधी मुलीला आपल्या माणसांनी जेवायला बोलवायचं, पाट मांडायचा, ओवाळायचं, आहेर करायचा. त्याला कोर्ट लागत नाही आणि संसद पण लागत नाही.

आता आमचं महिला मंडळ आहे इथे, आणि त्यांच्या सणावाराच्या पुरणपोळ्या माझ्याकडून जातात. मुलगा म्हणाला, आई, मंडळाला कशाला बोलवतेस, ऑर्डरी जातील. मी म्हटलं जाऊ देत यार, तिला माहेर हवंय, ते मी एकटी कुठून आणू. आणि मी ग्रुपवर टाकलं, आमच्या शलाकाचं केळवण, रविवारी दुपारी, सगळ्यांनी यायचं. कुणाशी लग्न ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लबाडी म्हणा हवं तर.

आल्या सगळ्या नटूनथटून. आणि आहेर काय, तर नवरीला साडी आणि नवऱ्याला शर्टपीस. जी येईल तिच्या हातात शर्टपीस. दोन पाट मांडलेले, रांगोळी घातलेली, एकावर शलाका आणि एकावर रचना. साठेवहिनी आमच्या मंडळाच्या अध्यक्ष, इथल्याच एका मंत्रालयात मोठ्या हुद्द्यावर होत्या, त्यांनी विचारलं, जावई कुठायत? मी म्हटलं, ही रचना, हिच्याशीच लग्न आहे. दोघी-तिघी आल्या पावली चपला घालून गेल्या. बाकीच्यांना थांबावं की जावं कळेना, हातातलं कापड खाली ठेवावं की नाही तेही कळेना. मग रचना पाटावरून उठायला लागली, म्हणाली, आंटी, मैं अंदर चली जाती हूँ, आप शलाका का कर लीजिए. ती उठली म्हणून शलाका उठली. म्हटलं पोरीला माहेर द्यायला निघाले आणि होतं तेवढंही घालवलं.

तर साठेवहिनी म्हणाल्या, ओवाळायच्या आधी पाटावरून उठायचं नसतं, बसा दोघी. बस्स, एवढंच. निरांजन घेतलं, शलाकाला ओवाळलं, रचनाला ओवाळलं, हातातल्या शर्टपीसकडे जरा वेळ बघितलं आणि नारळाबरोबर तो रचनाच्या ओटीत घातला. म्हणाल्या, शिवून घे हां, कापड चांगलं है. मग काय, एकीमागून एक सगळ्यांनी घातले. रचनाची ओटी नुसत्या शर्टपीसांनी भरली. त्यातल्याच निळ्या कापडाचा कुर्ता तिने लग्नात घातला. वहिनी मला जाताना बाजूला घेऊन म्हणाल्या, मला हे पटलंय असं समजू नका, पण जेवायला बोलावलेल्या मुलीला उठवायचं हे माझ्याच्याने होणार नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मला पुण्याहून फोन. शलाकाची आई. केळवणाचे फोटो कुणीतरी पोचवले असणार, मी विचारलं नाही. म्हणाली, केळवणाला काय केलं होतंत? मी सगळं सांगितलं, वरणभात, मसालेभात, श्रीखंड. ती म्हणाली, तिला अळूवडी आवडते. म्हटलं केली होती. मग म्हणाली, खाल्ली का तिने? मी म्हटलं खाल्ली, पोटभर खाल्ली. लग्नाला आली नाही ती.

ऑर्डरी काही गेल्या, त्यातल्या काही परत आल्या. नोएडाच्या दोन मुलांचं केळवण आता साठेवहिनींनी त्यांच्या घरी केलं, मला न विचारता, आणि अळू माझ्याच कुंडीतला नेला. मोर्चा निघतो तेव्हा मी जाते, माझा मराठीतला बोर्ड असतो, केळवण आम्ही केलं, नोंदणी तुम्ही करा. एका पोलिसाने विचारलं, माताजी, क्या लिखा है. समजावून सांगितलं. तो म्हणाला, खाना खिला दिया तो शादी हो ही गई. मी म्हटलं, हो गई बेटा, बस दवाखान्यात कुणी मानत नाही. अर्धं मराठीत बोलले, पण त्याने मान हलवली.

आणि शलाकाची आई अजून दर रविवारी मला फोन करते. लेकीला नाही, मला. काय जेवली, बारीक झालीय का, खोकला गेला का. मी म्हणते तिलाच विचारा, तर पुढचंही मलाच विचारते. गेल्या रविवारी म्हणाली, संक्रांतीला येते, पण उतरेन तुमच्याकडे, त्यांच्याकडे नाही. मी म्हटलं बिल्कुल, या, घर तुमचंच आहे. फक्त त्या दिवशी माझे डबे बंद असतात, माझ्या घरी चूल पेटत नाही, जेवायला त्या दोघींकडेच जावं लागेल. ती म्हणाली, बरं.

सुखात राहोत दोघी. अळूवडी रचनाला शिकवून ठेवली आहे मी.