सासूबाई इंग्रजीत पास होतात

...नाही, पण तुम्हीच सांगा, सख्ख्या सासूला भरवर्गात ‘चुकलं’ असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तेही आमच्या लग्नाच्या केकचा वरचा थर, इथल्या रीतीप्रमाणे जपून ठेवलेला, अजून त्यांच्याच फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीखाली पडलेला असताना! आपण फळ्यावर जीव तोडून नियम लिहितोय आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, जरा मोठ्याने! घरीसुद्धा हिचं हे असंच. मीठ मागते ते मिठालासुद्धा ऐकू जात नाही.” झालं, वर्ग खो-खो हसायला लागला. मी काही बोलले नाही. मी बोलतच नाही. तुम्हाला सांगते, आज पहिल्यांदाच बोलतेय, तर जरा सलग बोलू द्या, मध्ये थांबले की माझं परत तोंड मिटेल.

मी इंग्लंडात, बार्न्सलीच्या एका कॉलेजात संध्याकाळी इंग्रजी शिकवते. इंग्रजांना इंग्रजी. हसा, हसा, सगळेच हसतात. पण शाळा सोडून उभी हयात गेलेली माणसं असतात हो ही... कुणी नळ जोडतं, कुणी केस कापतं, हातात कला अशी की बघत राहावं, आणि इंग्रजीची लेखी परीक्षा पास झाल्याशिवाय त्या कलेचं प्रमाणपत्र काही मिळत नाही. माझ्या वाट्याला आली फुलवाल्यांची तुकडी. पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला वर बघते तर मागच्या बाकावर कोण? सासूबाई! हातात सॉसेज रोलचा डबा, तोही अख्ख्या वर्गाला पुरेल एवढा. तशीच उठले, विभागप्रमुख प्रॉक्टर साहेबांकडे गेले, म्हटलं, सर, त्या माझ्या सासू आहेत, हे नियमात बसतं का? तर ते म्हणाले, “हे बघ, पेपर तपासणारे बाहेरचे आहेत आणि दुसरी शिक्षिका बाळंतपणाला गेली आहे. तेव्हा तूच बघ बाई कसं काय ते. आणि सॉसेज रोल उरलाय का एखादा?”

आता मुळात सासूबाई तिथे आल्या का? तर त्या फुलांच्या दुकानात नोकरीला आहेत, माझ्या नवऱ्याच्या जन्माच्याही आधीपासून. जुनी बाई निवृत्त झाली. दुकान शेजारच्या अंत्यविधीवाल्यांच्या मालकीचं. ते म्हणाले, बेव्ह, तूच चालव आता, पण कागद हवा. ईस्टरपर्यंत प्रमाणपत्र आण, नाहीतर आम्ही शेफील्डहून माणूस आणतो. आणि दुकानाच्या वर, नीट ऐका, दुकानाच्या वर दोन खोल्या. दुकान चालवेल त्याच्याच. सासूबाई स्वतःच्या तोंडाने म्हणाल्या होत्या, “पास झाले ना, की मी जाते तिकडे राहायला. हे घर तुम्हा दोघांना.”

हे घर आम्हा दोघांना!

तुम्हाला कल्पना नाही. आम्ही तेव्हा राहायचो माझ्या नवऱ्याच्या, कीरनच्या, लहानपणच्या खोलीत. भिंतीवर अजून त्याच्या फुटबॉल संघाचा कागद, दोन पलंग जोडून एक केलेला, मधल्या फटीत मी आठवड्यातून एकदा तरी जायचे. सासूबाईंना दार वाजवायची सवय नाही. इस्त्रीचे कपडे घेऊन थेट आत, “चालू दे तुमचं, मी बघत नाहीये,” आणि मग कपाटात मोजे नीट लावत उभ्या! मी काही बोलले नाही. पण मनात पक्कं केलं, ही बाई पास झाली पाहिजे. अख्ख्या इंग्लंडात एका विद्यार्थिनीच्या निकालाची एवढी तळमळ कुठल्या शिक्षिकेला लागली नसेल.

मग काय, कंबर कसली. नियम क्रमांक एक. शब्दाच्या शेवटी ई आला की तो स्वतः गप्प बसतो, पण मागच्या स्वराला त्याचं पूर्ण नाव घ्यायला लावतो. मागून आवाज आला, “आमच्या सुनेसारखं! स्वतः गप्प, आणि कीरनला पुढे करते. ‘मम, जरा दार वाजवत जा’ म्हणे!” ...आता ते मीच सांगायला लावलं होतं, पण हे असं वर्गात? पुढचा नियम घेतला. आय आधी, ई नंतर, फक्त सीच्या पाठोपाठ आले तर उलट. लगेच बोझेनाचा हात वर. बोझेना पोलंडची, कानांत प्राण आणून ऐकते.

“बाई, याला अपवाद किती?”

“आहेत थोडे.”

“थोडे म्हणजे? नियमात बसणारे जास्त की न बसणारे?”

“म्हणजे... तसं बघायला गेलं तर...”

“मग आपण अपवादालाच नियम का म्हणत नाही?”

आता याला काय उत्तर आहे? तुमच्याकडे आहे? तेवढ्यात वेन जागा झाला. वेन म्हणजे दरवाजाएवढा माणूस, आधी मोठे ट्रक चालवायचा, पाठ गेली म्हणून फुलांकडे वळला, आणि काय गुच्छ बांधतो, बोटं त्याची सॉसेजसारखी पण फूल दुखावत नाही. तो शेवंतीचं इंग्रजी नाव, क्रिसॅन्थेमम, लिहीत होता. लिहून लिहून घाम फुटला त्याला.

“बाई, यातला हा पहिला एच काम काय करतो?”

“काही नाही. उच्चारात येत नाही तो.”

“म्हणजे नुसता बसून असतो?”

“हो.”

“आणि काढून टाकला तर?”

“शब्द चुकतो.”

“अगदी माझा मेव्हणा,” असं म्हणून त्याने तो एच मान खाली घालून निमूटपणे लिहिला. यावर सासूबाई एकदम गंभीर. “वेन, गमतीवारी नेऊ नकोस. शवपेटीवर फुलांचं अक्षर ठेवतो तेव्हा बोलतं-न बोलतं असं काही नसतं. प्रत्येक अक्षराला फुलं खोचायचा तेवढाच स्पंज आणि तेवढीच फुलं लागतात. गिऱ्हाइकाने न बोलणाऱ्या अक्षराचे पैसे का म्हणून भरायचे?” अख्ख्या वर्गाने माझ्याकडे असं बघितलं, जणू इंग्रजी भाषा मीच काढलीये आणि तीही अक्षरं खपवायला! मी काही बोलले नाही.

पण एक मात्र खरं, सासूबाईंना नियम येत होते. लिलीचं अनेकवचन म्हणाल तर शेवटचा वाय काढून आय-ई-एस, डोळे मिटून लिहायच्या. सराव घेतला, एक चूक नाही. मी तर मनातल्या मनात घराला रंगसुद्धा दिला. बैठकीच्या खोलीला फिकट हिरवा, आणि तो फुटबॉलचा कागद ओरबाडून काढायचा तो मी स्वतः, माझ्या नखांनी.

परीक्षा झाली. बाहेर आल्या त्या ऐटीत. म्हटलं, कसा होता पेपर? “सोप्पा! सगळ्यांच्या आधी उठले. बाकीचे बसलेत अजून खरडत.” म्हटलं, प्रश्न काय होता? तर, कचरा उचलत नाहीत म्हणून नगरपालिकेला तक्रारीचं पत्र. मग काय लिहिलंत? त्यांनी भर रस्त्यात छाती पुढे काढून म्हणून दाखवलं, “कचरा तसाच आहे. वास येतो. या. बेव्ह.”

...मी म्हटलं, पुढे?

“पुढे काय? आले की उचलतील.”

निकाल काय लागायचा तो लागला. नापास. शेरा : लेखनात चूक नाही, मजकूर अपुरा. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. ओट्याशी उभं राहून चहा घेतला आणि म्हणाल्या, “चूक नाही, तरी नापास. मग शिकवता कशाला?” दार न वाजवता आत येणारी बाई, त्या संध्याकाळी स्वतःच्या खोलीचं दार लावून बसली. घरात एवढी शांतता मी कधीपासून मागत होते, आणि मिळाली तेव्हा मीच त्यांच्या दाराशी दोनदा जाऊन परत आले. कीरन म्हणाला, “काहीतरी कर ना गं.” म्हणजे आता मीच!

फेरपरीक्षा तोंडावर. सराव दिला, सुट्टीतल्या सहलीवर एक पान लिहा. त्यांनी लिहिलं, “स्कारबरोला गेलो. वारा होता. आलो.” म्हटलं, कुठे उतरलात, काय खाल्लं, ते लिहा ना. तर म्हणाल्या, “मासे आणि चिप्स. समुद्रावर दुसरं काय खाणार? तपासणाऱ्याला माहीत नसेल का?” आहे उत्तर?

आणि मग एका शनिवारी दुकानात गर्दी होती म्हणून मला मदतीला नेलं. मी आपली मागे बादल्या धूत होते. दोन भाऊ आले, ऐन पन्नाशीतले, कोट घातलेले पण कोटाची सवय नसलेले. आजी गेली होती त्यांची. पणतवंडं बघून गेली होती. त्यांना पेटीच्या बाजूला फुलांची अक्षरं हवी होती, रस्त्यावरून सगळ्यांना दिसतील अशी, ‘ग्रेट ग्रँडमदर’, म्हणजे पणजी. एवढी अक्षरं! शववाहिकेच्या मागच्या काचेतून दोनचार बाहेर लोंबली असती. एक भाऊ हळूच पाकीट चाचपत होता. सासूबाईंनी वही मिटली. म्हणाल्या, “हे बघा रे पोरांनो, घरात तुम्ही तिला हाक काय मारायचात?”

“नॅन.”

“लांबून हाक मारायची असली तर?”

“...नॅन. ओरडून.”

“मग तेच ठेवायचं. एन-ए-एन, तीन अक्षरं, पण मोठी. आणि तिला आवडायची कुठली फुलं, ते सांगा.”

धाकटा, चांगला धिप्पाड माणूस, काउंटरवर डोकं टेकवून रडायला लागला. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर थोपटलं आणि दुसऱ्या हाताने कार्नेशनच्या काड्या छाटत राहिल्या. मी बादली हातात घेऊन तशीच उभी. मग माझ्या डोक्यात उजेड पडला! ही बाई आयुष्यभर हेच करत आली. लोक मोठमोठं काही सांगायला येतात, ती त्यातली अक्षरं कमी करत करत जिथे दुखतं तिथपर्यंत आणून ठेवते, आणि खिशालाही चाट बसू देत नाही. तिला आम्ही सांगतोय, पसरट लिही! ती नगरपालिकेचे पैसे वाचवत होती हो!

त्या दिवशी मी बोलले. दुकान बंद करताना म्हटलं, “बेव्ह, एक ऐकाल? परीक्षेत असं समजा, गिऱ्हाईक श्रीमंत आहे.”

कात्री थांबली. “कितपत?”

“भरपूर. पैशाकडे बघूच नका म्हणालंय.”

“भंगारवाल्या फर्निव्हलांसारखं?” फर्निव्हलांचा थोरला गेला तेव्हा सासूबाईंनी अख्खा ट्रक बनवला होता फुलांचा, चाकांसकट. सगळं गाव बघायला आलं होतं.

“फर्निव्हलांच्या वरचं.”

“मग आधी नाही का सांगायचंस, पोरी!” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू प्रश्न होता तो माझ्याच अकलेचा होता. मी काही बोलले नाही.

फेरपरीक्षेत विषय आला, गावातला पोहण्याचा तलाव बंद करू नका असं पत्र. सासूबाईंनी लिहायला घेतलं ते घेतलंच. तलावाचं पाणी, पाण्याचा वास, त्या वासाने आठवणारं लहानपण, सासरे पहिल्यांदा भेटले ते त्याच तलावावर आणि घसरून पोटावर पाण्यात पडले ते, त्यांच्या चड्डीचा रंग... वरून आणखी कागद मागितला! पर्यवेक्षकाने वेळ संपली म्हणून सांगितलं तर त्यालाच म्हणाल्या, “थांब रे, अजून बिचारा पाण्याबाहेर आला नाहीये.” निकाल : पास. तपासणाऱ्याने शेरा दिला, ‘ओघवतं’.

वर्गाने टाळ्या वाजवल्या, वेनने त्यांना उचलून बाकावर बसवलं, बोझेना रडली आणि रडता रडता म्हणाली, यात कुठला नियम होता ते मला नंतर सांगा. दुकान मिळालं, वरच्या खोल्यांच्या किल्ल्या आल्या. मी गुपचूप जाऊन त्या फिकट हिरव्या रंगाचा डबा आणून ठेवला.

रविवारी जेवायला बसलो. रोस्ट, यॉर्कशर पुडिंग, ग्रेव्ही. सासूबाईंनी काटा खाली ठेवला. म्हणाल्या, “मी जाऊन आले वर. जिना फार उभा आहे गं, माझे गुडघे काही साथ द्यायचे नाहीत. आणि एवढ्या वर्षांचं हे घर सोडून कुठे जाऊ या वयात? शिवाय तुम्ही तरुण, तुम्हाला एकांत हवा, कीरनने सांगितलंय मला. मी मालकांशी बोलले. खोल्या तुम्हाला. रंगाचा डबाही तुझा तयारच आहे, बघितला मी.” कीरन तोंडात बटाटा धरूनच ओरडला, “मम, तू ग्रेट आहेस!”

मी काही बोलले नाही.

तर आता आम्ही वर राहतो. एकांत आहे, नाही कशाला म्हणू. खाली सकाळी सातला शटर उघडतं. सासूबाईंना काही हवं असलं की झाडूच्या दांड्याने छताला ठोकतात, छत त्यांचं, जमीन आमची, आणि ठोकून झाल्यावर काय हवंय ते सांगतातही. पूर्वी दोन शब्दांत सांगायच्या, आता ओघवतं सांगतात. मीच शिकवलं. आणि परवा दुकान बंद करून जिना चढून वर आल्या, त्याच गुडघ्यांनी, हातात वही, कोट काढून माझ्या सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या पातळीला नाव घातलंय मी. म्हटलं, आता रोज संध्याकाळी तुझ्याकडेच अभ्यासाला येत जाईन... तू अगदी वरच राहतेस, किती सोयीचं पडलं बघ!”