तीस दिवसांचं कुलूप आणि मंदाकिनीताईंचा रविवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दिगंबरराव पानसे, मांजरीहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या सोजरबाई घुले, सत्कारमूर्ती मंदाकिनीताई आगाशे, आमचे श्यामराव, आणि बिबवेवाडीत गाडी लावायला जागा शोधून इथवर पोहोचलेल्या समस्त जिद्दी मंडळींनो,

आधी एक छोटासा हिशेब मांडतो. सात वर्षांपूर्वी आपण आपल्या सॉफ्टवेअरला एक सोय बसवली. तीस दिवस फुकट वापरा, मग कुलूप. या कुलपाला खरोखर काय लागलं? श्यामरावांचे अकरा दिवस, बारा-तेरा डझन चहा आणि मंदाकिनीताईंचा एक रविवार. अकरा दिवस हजेरीपटावर आहेत. चहा कॅन्टीनवाल्याच्या लक्षात आहे. रविवार मात्र कुठेच नोंदलेला नाही, आणि ताई आता निवृत्त होताहेत. तेव्हा ती नोंद आज तोंडी करून घ्या.

पाहुण्यांसाठी सांगतो, आमचं सॉफ्टवेअर ऊस रोपवाटिकांचं. उसाचा एकेक डोळा ट्रेमध्ये लावायचा, चाळीसेक दिवस सांभाळायचा, मग रोपं शेतकऱ्याच्या टेम्पोत. कुठल्या ट्रेमध्ये कुठला वाण, कुणाचं बुकिंग, सगळं आमच्याकडे नोंदवायचं. पूर्वी ते आम्ही नुसतंच वापरायला द्यायचो. एका गृहस्थांना तीन वर्षांनी विचारलं, "मग घेताय ना?" ते म्हणाले, "घाई कशाला? अजून बघतोय." कुलूप का लावलं, हे आता वेगळं सांगायला नको.

आणि श्यामरावांचं कुलूप म्हणजे काय! संगणकाची तारीख मागे सरकवली की ते ओळखायचं आणि सगळंच्या सगळं बंद करून टाकायचं. एकतिसाव्या दिवशी सौम्य सूचना आणि कुलूप, लबाडी केलीत तर पूर्ण अंधार. मला फार आनंद झाला होता. संगणक दुरुस्त करत दारोदार हिंडलेल्या माणसाला आपल्या मालाला कुलूप आहे, याचंच केवढं अप्रूप!

पहिली ग्राहक मिळाली ती सोजरबाई. आमच्या माणसाने मांजरीला जाऊन शिकवलं, ट्रेवरच्या चिठ्ठ्या काढून टाकायला लावल्या. "आता नुसता नंबर पुरे, मावशी. वही बंद." पहिल्याच आठवड्यात तीस हजार डोळे लागले, अकरा शेतकऱ्यांची बुकिंग भरली गेली. मग रोपं वाढत होती, तोवर संगणक कोण कशाला उघडतंय?

अडतिसाव्या दिवशी, शनिवारी, त्यांचे चिरंजीव विश्वजीत यांनी उघडला. कुलूप! रविवारी सकाळी टेम्पो येणार होते.

रविवारी मदतीचा फोन ताईंच्या घरी कोथरूडला वळवलेला असतो आणि रेकॉर्डही होतो. सोमवारी मी तो ऐकला. आज परवानगी न घेताच सांगतो. सोजरबाई, रागावू नका.

"ताई, कुलूप पडलंय की वो! टेम्पो दारात हाईत. कुणाचा ट्रे कुठला, समदं आत अडकलंय."

"तारीख मागे केलीत का?"

"विश्वजीतनं केली जरा."

"जरा म्हणजे?"

"म्हैनाभर."

त्यावर ताई, अगदी आपल्या नेहमीच्या आवाजात, "बरं. आता त्यांना म्हणावं, हात खिशात घाला आणि तिथेच ठेवा."

मागून हॉर्न ऐकू येत होता आणि कुणीतरी म्हणत होतं, "मावशी, द्या की अंदाजानं कुठलीबी. रोप ते रोपच!" त्यावर सोजरबाई फोन बाजूला न करता ओरडल्या, "अंदाजानं दिलं, अन् शेतात दुसराच वाण निघाला, तर तोंड मी दाखवायचं का तू?"

एवढ्या लहानपणी दोन वाण शेजारी ठेवले, तरी ओळखू येत नाहीत. चूक कळणार कित्येक महिन्यांनी, उभ्या उसात. त्यानंतर घुल्यांच्या रोपवाटिकेत कोण आलं असतं? वीस वर्षांचं नाव होतं ते.

ताईंनी मला फोन केला. मी एका साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो. म्हणालो, "उद्या बघू. आधी पैसे, मग परवाना. नियम आहे."

"अहो, त्या पैसे द्यायला तयार आहेत. रविवारी घ्यायला आपणच तयार नाही."

मी म्हटलं, "नियम आपणच केलाय ना?" आणि जिलबी वाढून घेतली.

पुढचं मला सोमवारी कळलं. ताई रिक्षाने ऑफिसला आल्या, कुलूप उघडलं (दाराचं, श्यामरावांचं नव्हे), आणि पक्का परवाना स्वतःच्या नावावर काढला. नियमाप्रमाणे स्वतःचा चेक माझ्या टेबलावर ठेवला. परवान्याचा क्रमांक फोनवर एकेक अंक करून सोजरबाईंना सांगितला. दुपारी अडीचला अकरावा टेम्पो निघाला. ताई जेवल्या चारला.

मी फॉर्म पाहिला. 'रोपवाटिकेचं नाव: आगाशे. ठिकाण: कोथरूड, दुसरा मजला.'

"ताई, हे काय?"

"गॅलरीत चार कुंड्या आहेत. एकीतला ओवा बरा आहे."

सोजरबाईंनी त्याच दिवशी पैसे भरले आणि ताईंचा चेक परत गेला. श्यामरावांनी कुलूप बदललं. आता मुदत दिवसांवर नाही, पहिली खेप बाहेर पडेपर्यंत आहे. आणि मुदत संपली, तरी जुन्या नोंदी दिसतात, छापता येतात. फक्त नवी भरता येत नाही. आज दोनशेच्या वर रोपवाटिका आमच्याकडे आहेत त्या यामुळे. प्रत्येक कृषी प्रदर्शनात मी सांगतो, की ग्राहकाच्या कामाची चाल ओळखून ही कल्पना मला सुचली. एकदा त्यावर शाल-श्रीफळही घेतलंय. मंदाकिनीताई समोरच बसल्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलेलं मी पाहिलं. सोजरबाई, आपण आलात, आपले आभार. ताई, आपले आभार मानायला लागलो, तर हॉल पुन्हा बुक करावा लागेल. एवढ्या बोलण्यात कुणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. पण एका चुकीची माफी अशी घाऊक मागता येणार नाही.

काल ताईंचा खण रिकामा करताना श्यामरावांना एक कागद सापडला. तारीख कुलूप बसवण्याच्या दोन आठवडे आधीची. ताईंचं अक्षर: 'रोप तयार व्हायला चाळीस दिवस लागतात. तीस पुरणार नाहीत. पहिली खेप जाईपर्यंत मुदत द्यावी, नंतरही जुन्या नोंदी दिसू द्याव्यात.'

खाली 'गरज नाही' असं लिहिलं आहे. सही माझी आहे.