बोलणं लपवणारा डबा

भाऊ : घे, ठेव तुझा डबा तुझ्याकडेच! दोन महिने सोल्डरिंगचा धूर खाल्लास, आणि उपयोग शून्य!

ताई : आपटू नकोस. काय झालं ते सांग.

भाऊ : काय? पुटपुटू नकोस.

ताई : काय झालं, म्हटलं!

भाऊ : काल पॅकिंगवालीशी पहिल्यांदाच डब्यातून बोललो. आज मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावून माझं बोलणं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. प्रेस मशीनचा संरक्षक गार्ड कोणी काढला, त्या पोराची बोटं गेली तेव्हा ती कुठे उभी होती, सगळं! आता ती म्हणते, सोमवारी कारखाना निरीक्षकासमोर तोंड उघडणार नाही. एकच साक्षीदार होती, ताई!

ताई : अशक्य आहे.

भाऊ : म्हणजे मी खोटं बोलतोय?

ताई : अरे, रेडिओ दुरुस्त करण्यात केस पिकले माझे. माणसाच्या आवाजासारखं नसेल ते फोन गोंगाट समजून गाळून टाकतो. म्हणून तुझ्या बोलण्याचे तुकडे करून, उलटेपालटे लावून, वर पुन्हा माणसाच्या आवाजासारखे बाहेर पडतील असं बसवलंय मी. तुझा फोन कारखान्यानं दिलेला असला, तरी मधे ऐकणाऱ्याला नुसती बडबड. ती परत जोडायची किल्ली फक्त तिच्याकडच्या डब्यात.

भाऊ : मग मॅनेजरला काय स्वप्न पडलं?

ताई : बसला होतास कुठे?

भाऊ : घरात. दारं-खिडक्या लावून. बायकोलासुद्धा बाहेर काढलं.

ताई : भिंतीपलीकडे कोण राहतं?

भाऊ : आमचा सुपरवायझर. त्याचा काय संबंध?

ताई : तू आत्ता केवढ्यानं बोलतोयस माहीत आहे? समोरचा शिंपी मशीन थांबवून बघतोय इकडे.

भाऊ : मी नेहमीसारखंच बोलतोय!

ताई : तेच म्हणतेय मी. फोनच्या आतलं सगळं झाकलं, आणि बोलणारा कोण आहे हेच बघितलं नाही. माझंही डोकं चाललं नाही.

(भाऊ स्टुलावर बसतो.)

भाऊ : म्हणजे तिचं नाव मीच ओरडून सांगितलं त्यांना.

ताई : हो.

भाऊ : हळू बोललं की मला माझंच ऐकू येत नाही गं. बावीस वर्षं त्या प्रेसशेजारी उभा आहे.

ताई : कानांना लावायला काही दिलं त्यांनी?

भाऊ : मागितलं होतं. कापूस घाला म्हणाले.

ताई : कापूस! लाज नाही वाटली मेल्यांना? आधी तुझे कान घालवले, आणि आता त्याच्याच जोरावर तुझं बोलणं घरबसल्या ऐकतायत! आणि तू गावाच्या बोटांसाठी भांडतोस. स्वतःची तक्रार केलीस कधी?

भाऊ : माझं काय? कानातून रक्त थोडंच आलंय?

ताई : आज तिच्या घरी जा, हात जोडून माफी माग. आणि सोमवारी साक्षीला तू उभा राहा. सांग, मी लिहिते. ह्याला डबा लागत नाही. ऐकू येईनासं कधीपासून झालं?

भाऊ : अशी तारीख असते का त्याला?

ताई : आठव.

भाऊ : मग असं लिही. मुलगी पहिला शब्द बोलली तेव्हा माझ्या मांडीवर होती. काय बोलली ते मला बायकोनं सांगितलं.