रेषेपलीकडचा मीटर

नाही नाही नाही — तिथंच थांबा, पाऊल मागे घ्या. हां. ती पिवळी पट्टी चिकटवलीय ना फरशीवर, तिच्यापुढे जायचं नाही. मीटर तिकडेच आहे, माहितेय मला, पॅसेजच्या टोकाला, मागच्या गॅलरीत — तो काय, दाराच्या वरच्या काचेतून पांढरा डबा दिसतोय. पण दारापुढे निशाणाची गादी उभी आहे, गादीत बाण आहेत आणि मैदान चालू आहे. मैदान म्हणजे हा पॅसेज. चालू मैदानात रेषा ओलांडायची नाही, मग तुम्ही गॅस कंपनीचे असा नाहीतर अग्निशमन दलाचे. तुमच्या आधी यायचा तो चांगला होता, दारातूनच विचारायचा, ‘काका, चालू का बंद?’ मी म्हणायचो, चालू. की तो मागच्या बिलांची सरासरी लिहून जायचा. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिथं माझे कपडे असतात — कपाट तिकडे राहिलं ना, रेषेपलीकडे, बेडरूममध्ये, म्हणून नवीन घेतले. झोपतो या सोफ्यावर. बाथरूम अलीकडे आहे, तेवढं नशीब.

आता तुम्ही म्हणाल, कोण सोडतंय बाण? कुणीच नाही. मग बंद करा की मैदान! — हसू नका, प्रश्न बरोबर आहे, प्रशिक्षकांच्या शिबिरात हाच विचारतात. दोन शिट्ट्या, रेषेवर या. एक शिट्टी, बाण सोडा. तीन शिट्ट्या, पुढे जाऊन बाण काढून आणा. तीन वाजल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि तीन कोण वाजवणार? प्रशिक्षक. प्रमाणपत्रवाला. मी अजून उमेदवार. उद्या परीक्षा आहे, पास झालो की परवा या, मी स्वतः तुम्हाला हाताला धरून मीटरपर्यंत नेतो. पण तिथंच तर घोडं अडलंय ना — उमेदवारानं आपला नवशिका आपणच न्यायचा असतो, ज्यानं जन्मात धनुष्य हातात धरलेलं नाही असा. तुम्ही धरलंय कधी? जत्रेतसुद्धा नाही? वा. उभे राहा बरं, भाऊ. पाच मिनिटं. बॅग राहू दे खांद्याला.

पाय खांद्याइतके. गुडघे मोकळे. छान — आता हनुवटी इतकी वर नको — पाय मात्र फार छान. कळलं ना काय केलं मी? आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक. शिबिरात हे घोटून घेतात. मी घरीही लावून पाहिलं. म्हटलं, कप छान आहे, चहात साखर नाही, बशी तर फारच छान. आमची ही म्हणाली, उद्यापासून बशीच पीत जा. — हो, ही म्हणजे बायको. तिच्यामुळेच तर हे सगळं. मी मैदानावर साहित्याची खोली सांभाळतो, चेंडू, जाळ्या, हवा भरायचा पंप. तिरंदाजीचे सर सोडून गेले, ऑफिसनं सांगितलं, जो प्रमाणपत्र आणेल त्याला वर्ग. मी म्हटलं, आपलं काय काम? तर म्हणाली, द्या की परीक्षा, दुसऱ्यांच्या चेंडूत हवाच भरत बसणार का जन्मभर? मी होते तुमची नवशिकी.

हात पुढे करा. दोन्ही पंजे जोडून मधे भोक ठेवा, त्यातून गादीकडे बघा. आता एकेक डोळा मिटा. कुठला मिटल्यावर गादी गायब झाली? डावा? म्हणजे हात उजवा, डोळा डावा. अरे वा — हिचंही असंच. आम्ही इथंच सराव करायचो, रोज, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. त्यातही घोटाळे व्हायचे, तिसरी शिट्टी कुकरची का माझी — जाऊ दे. पण झालं काय, रोज नवशिकी व्हायचं म्हणून ती रोज सोडायची बाण, आणि रोज सोडून सोडून तिला यायला लागलं. पहिल्या परीक्षेत परीक्षक बाईंनी विचारलं, ‘धनुष्य कधी धरलंय का?’ ही म्हणाली, ‘छे, आजच बघतेय.’ आणि तीनही बाण गादीच्या मधल्या पिवळ्या गोलात. नवशिकी बाद, म्हणून मी बाद. पुढच्या वेळी मी तिला बजावून नेलं, हे बघ, चुकवायचं. तर तिला चुकवता येईना! दोन कसेबसे कडेला मारले, तिसरा ताणून नुसती उभी — नेम चुकवायला नेम धरतेय, धरतेय, धरतेय — आणि मला वाटलं झालं. वाजवल्या तीन. सगळी रांग निघाली चालत पुढे, आणि हिच्या हातात दोरी ताणलेली, बाण लावलेला. काही झालं नाही. पण परीक्षक बाई पांढऱ्याफटक. याहून मोठी चूक नाही आमच्यात. परत येताना ही म्हणाली, अहो, माझ्या हातात बाण असताना पुन्हा शिट्टी वाजवलीत ना, तर बघा.

मग आम्ही तेवढंच घोकायचो. ती थांबायची, मी थांबायचो. मुद्दाम वेळ लावायची, मला चिडवायला. एकदा दूध उतू जाऊन सगळा ओटा भरला, मी तसाच, शिट्टी तोंडात. खांदा खाली, भाऊ. हसलात की खांदा वर जातो. — हो, ते दोन तिचेच. एकमेकांना चिकटलेत बघा, मधोमध. तिसरा? तिसरा भात्यात आहे, स्वयंपाकघराच्या दाराला टांगलाय. मी नाही ठेवला, त्या अँब्युलन्सवाल्यानं तिच्या हातातून घेऊन तिथं खोचला. ती रेषेच्या अलीकडेच बसली होती म्हणून बरं, नाहीतर मी त्यांनाही सोडलं नसतं. दोन सोडले, तिसरा लावला, आणि म्हणाली, जरा बसते. मी उभाच. म्हटलं, वाजवू का? तर म्हणाली, थांबा हो, एक राहिलाय.

एवढंच. डोळे असे करू नका, नवशिक्यानं समोर बघायचं. मेव्हणी म्हणते, भावोजी, मी काढते ते बाण — पट्टीवर पाय ठेवणार एवढ्यात मी असा ओरडलो, वरच्या मजल्यावरचे खाली आले. मग म्हणते, तिसरा तुम्ही सोडा आणि मोकळे व्हा. मोकळे व्हा! दुसऱ्याचा बाण सोडता येत नाही, नियम आहे. वेळ संपली असं जाहीर करता येतं, ते फक्त प्रशिक्षकाला. म्हणून तर परीक्षा. वर्ग कुणाला हवाय? वर्ग त्यांनी कधीच दुसऱ्याला दिला. मला ते तीन वाजवायचे आहेत, रीतसर, कुणी म्हणायला नको की लवकर वाजवल्या. आता कोपर मागे, दोरी हनुवटीपाशी, आहे असं समजा, आणि सोडा. — वा! अहो, तुम्ही तर — हिच्या वरताण! उद्या येताय ना? रिक्षाचं मी बघतो. तुम्ही फक्त सांगायचं, आजच बघतोय —

हे काय? मोबाइल कशाला? झूम — झूम म्हणजे? इथून दिसतो? आकडा? — नाही, रेषा नाही ओलांडली तुम्ही, बरोबर आहे. कॅमेऱ्याला नियम नाही. पण खाली ठेवा तो. ठेवा म्हणतो ना! काय वाचणार आहात? इतका कमी कसा, हेच विचारणार ना? एका माणसाचा चहा होतो, कधी तोही होत नाही — आणखी काय जळणार आहे? बिल बरोबर येतंय माझं. दोन माणसांचं येतं, दरवेळी, भाजी-पोळी, अंघोळीचं पाणी, उतू गेलेलं दूध धरून — कंपनीला एवढं कळतं, तुम्हाला का कळू नये? मी तक्रार केलीय का? कुणीतरी धरतंय दोघांना. पुसा तो फोटो. माझ्यासमोर. हां.

सरासरी लिहा. नेहमीची.

उद्याचं? नको, राहू दे. पाय छान होते तुमचे — मोबाइल काढायला नको होता — बॅग छान आहे. या आता. दार ओढून घ्या.