दुसऱ्याच्या सेडानमध्ये झोपलेल्या रुख्माबाईच्या संबंधाने

नाव श्यामलाल मोहनलाल रहांगडाले, वय ७१ वर्षे, धंदा शेती, शिक्षण चौथी, पुढचे वाचणे घरीच स्वतः शिकलो, रा. सडक अर्जुनी, जि. गोंदिया.

मी गोंदिया येथील पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी रुख्माबाई व मुलगा उमेंद्र यांच्यासह राहतो. मागील दिवाळीपासून पत्नीला आडवे झाले की दम लागतो. पाठीला उशा लावून ती बसूनच रात्र काढते. डोळा लागत नाही. तिला वरचेवर नागपूरला न्यावे लागते. बसमध्ये हाल होतात, म्हणून चारचाकी घेण्याचे ठरवले. नागपूरचे डॉक्टर काय म्हणाले ते या प्रकरणात लागत नाही, म्हणून सांगत नाही.

आज सकाळी मी, पत्नी, उमेंद्र व जावई भुपेंद्र असे चौघे गोंदियातील एका गाडीच्या शोरूममध्ये गेलो. मला सेडान पाहिजे होती, कारण उंच गाडीत पत्नीचा पाय चढत नाही. ही गोष्ट मी घरी सर्वांना सांगितली होती. तरी उमेंद्र तिथे म्हणाला, "बाबा, सेडानले आता कोणी विचारत नाही. पाच वर्षांनी विकाले काढली तं अर्धेही येणार नाही. उंच गाडीले रिसेल आहे." मी म्हणालो, "घेतली नाही तं विकून कायले राहिला? वरात निघाची आहे अन् तू काडीमोडाची बोली लावून राहिला." तो म्हणाला, "पुढचा विचार करा लागते, बाबा." मी म्हणालो, "पाच वर्षांचं मले सांगू नको." त्यानंतर तो पाण्याच्या मशीनकडे गेला आणि बराच वेळ तिकडेच उभा राहिला.

जावई भुपेंद्र यांचे म्हणणे वेगळे होते. त्यांना चाके चकाकणारी पाहिजेत, मोठा पडदा पाहिजे, सीट कव्हर पाहिजे, खालून निळा उजेड पाहिजे. ते म्हणाले, "मामाजी, नुसती गाडी म्हणजे बाशिंगाबिगर नवरदेव." जावई असल्याने मी त्यांना काही बोललो नाही. जे बोलायचे ते सेल्समन रिंकू याला बोललो. तो म्हणत होता, "अंकल, पॅकेज के बिना गाड़ी नहीं निकलती." मी म्हणालो, "म्हणजे म्हैस घ्याले आलो तं घुंगरं घेतल्याबिगर दावं सोडत नाही तुम्ही." तो हसला. भाव विचारला की तो दर वेळी नवा सांगे. कधी विमा धरून, कधी सोडून, कधी ऑफर आजच संपते म्हणून. मी म्हणालो, "धानाचा भाव तरी दुपारपावतर टिकते, बापू." तो तेव्हाही हसला. पोरगा स्वभावाने वाईट नाही, हे लिहून घ्यावे.

पत्नी खुर्चीवर बसून थकली होती. मी रिंकूला म्हणालो, बाईले एकदा गाडीत बसवून पाहू, बाकीच्या गोष्टी मागून. शोरूममध्ये ठेवलेल्या गाडीचा एसी लागत नव्हता. म्हणून त्यानेच आम्हाला मागच्या शेडमध्ये नेले. तिथे तशीच पांढरी सेडान उभी होती. त्याने पुढची सीट मागे कलती केली, एसी लावला आणि म्हणाला, "आराम से बैठो, आजी." पत्नी बसली. सीट किती मागे घेऊ म्हणून मी विचारत होतो, तिने उत्तर दिले नाही. पाहतो तर झोप लागली होती. तोंड थोडे उघडे होते. दम लागलेला नव्हता. मी दार आवाज न करता लावले आणि बाहेर उभा राहिलो.

काही वेळाने रिंकू हार, नारळ आणि लाल कपडा घेऊन आला. तेव्हा समजले की ती गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाची होती आणि तिची डिलिव्हरी होती. तो म्हणाला, "आजी को उठाओ अंकल, मुहूर्त निकल रहा है." मी म्हणालो, "जरा दम धर." जावई म्हणाले, "मामाजी, लोकायची गाडी आहे, तमाशा नका करू." गाडीचे मालक खुशाल रामटेके व त्यांच्या पत्नी तिथेच होते. खुशाल यांनी काचेतून आत पाहिले आणि म्हणाले, "मुहूर्त कोणाचा? आमच्यात मुहूर्त पाहत नाही. टाइम या शोरूमवाल्यायनंच देला. निजू द्या आईले." त्यांच्या पत्नीने रिंकूच्या हातातला नारळ काढून खुर्चीवर ठेवला. दोघेही चहा पीत बसले.

असे असताना मॅनेजरने आतून हात केला आणि शोरूमच्या पद्धतीप्रमाणे स्पीकरवर ढोल वाजायला लागला. डिलिव्हरीच्या वेळी कागदी फुले उडवायची नळी असते. ती फटाक्यासारखी वाजते. रिंकूने ती गाडीच्या काचेजवळ धरून पिळायला घेतली. मी "नको" म्हणालो. ढोलात त्याला ऐकू गेले नसेल. मी त्याला दोन्ही हातांनी ढकलले. तो तिथे मांडलेल्या, गाडीत लावायच्या सेंटच्या बाटल्यांच्या स्टँडवर पडला, काच फुटली, त्याच्या तळहाताला लागले. नळी उडाली नाही.

फरशी ओली होती, तो घसरला, असे सांगा म्हणून मला मुलाने व जावयाने सांगितले आहे. फरशी कोरडी होती. तो घसरला नाही. मी ढकलले. इतर कोणी त्याला हात लावला नाही. दवाखान्याचा व काचेचा खर्च मी देईन. रिंकूची मी माफी मागितली आहे. हाताला पट्टी बांधलेली असताना त्याने मला विचारले, "अंकल, बुकिंग तो हमारे यहाँ ही करोगे ना?"

मॅनेजरने फोन केल्यावरून आपण शिपायासह आलात. स्पीकर बंद करायला लावलात, त्याबद्दल आभारी आहे. पत्नीला कोणी उठवले नाही. ती आपोआप जागी झाली. काचेतून तिला मी दिसलो, तेव्हा तिने विचारले, "गाव आलं का जी?" मी म्हणालो, "आलंच. निज अजून."

पुढे विचारल्यावरून सांगतो की, मी सेडानच घेणार आहे. सीट मागे कलते, तेवढे पुरे. विकताना काय येईल ते उमेंद्रने पाहावे, त्या वेळी गाडी त्याची असेल. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

पत्नी दाराजवळच्या बाकावर बसलेली असल्याने जबाब हळू आवाजात वाचून दाखवावा अशी मी विनंती केली व ती मान्य झाली. त्याप्रमाणे ऐकला. मी सांगितला तसाच आहे, बरोबर आहे.