हेलियमचं ठिगळ

क्रांती : आक्का, हेलियम हायड्रोजनला कसा चिकटला? त्याची जागा पार तिकडं, उजव्या टोकाला!

आक्का : एकाच्या शेजारी दोन न्हाय, तर कोन बसवायचा? वरच्या तीन वळीत मधी केवढं भगदाड हुतं. वाकळंला मधी भोक ठेवत्यात व्हय? ठिगळं डावीकडं सरकवली, कडंला साधं कापड लावलं. कशी गच्च बसल्यात बघ.

क्रांती : अगं, उद्या सकाळी माझ्या वर्गातली पोरं हीच वाकळीवरची आवर्तसारणी घेऊन कोल्हापूरला विज्ञान प्रदर्शनाला निघाल्यात! त्यांनी घराघरातनं जुनी लुगडी आणली. त्यांना काय तोंड दाखवू मी?

आक्का : डोळं फोडून टाकं घातलं, आनि तू भोकासाठी रडतीस? आकडं वळीनंच हाईत की.

क्रांती : आकडे आडवे चालतात गं, स्वभाव उभा उतरतो. म्हणून तर एका उभ्या ओळीला एकच रंग सांगितलेला. आता हिरव्या निऑन-अरगॉनखाली लोखंड आलंय! हे बघ, तीन नंबर, लिथियम. पाण्यात टाकला की फसफसतो. इथनं आठ घरं मोज.

आक्का : ...धा, अकरा.

क्रांती : सोडियम. तोच स्वभाव, पण जास्त तापट. गोळी होऊन पाण्यावर पळत सुटतो. आणखी आठ मोज.

आक्का : ...अठरा, एकोणीस.

क्रांती : पोटॅशियम. पाण्याला शिवला की जांभळा जाळ.

आक्का : पाण्यानं पेटतंय?

क्रांती : पाण्यानं. जितका खाली, तितका भडक. आणि उजव्या टोकाचे हेलियम, निऑन, अरगॉन, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत.

आक्का : फिरून फिरून तोच सोभाव? कुनी लावून दिलं गं हे?

क्रांती : कुणीच नाही. ते तसंच होतं, माणसाला उशिरा दिसलं. ज्यानं मांडलं, त्यानं तर काही घरं रिकामी सोडली. म्हणाला, इथलं अजून सापडलेलं नाही, पण सापडेल तेव्हा ते असं असं असेल.

आक्का : आनि?

क्रांती : सापडलं. जवळपास तसंच.

आक्का : आई गं! काटा आला बघ अंगावर. आन ते ब्लेड हिकडं. वाकळ उजेडात वढ.

(दोघी टाके उसवू लागतात.)

क्रांती : सगळं परत शिवायचं? तुझे डोळे...

आक्का : ऱ्हाऊ दे डोळं. भोक दिसंना का, ज्याचं घर त्याला मिळाया पायजे. ह्ये एकशे अठरा शेवटचं. फुडं काय?

क्रांती : अजून कुणाला सापडलं नाही. शोधतायत.

आक्का : एकशे एकोणीस घावलं तर... थांब, सांगू नगोस. हितं. डावीकडं, त्या पेटनाऱ्यांच्या खाली.

क्रांती : बरोबर तिथंच, आक्का.

आक्का : घावलं न्हाय, तरी सोभाव म्हाईत.

क्रांती : व्हय.

आक्का : मग खालची कड दुमडू नगोस. कापड सोडून ठेव.