रोजची वजाबाकी

तुम्ही म्हणाल, हिला नसते उद्योग. पण मीराच्या डॉक्टरांनी "वजनाकडे जरा लक्ष ठेवा" म्हटलं आणि माझी झोपच उडाली. माझी लेक तेव्हा चार महिन्यांची. रोज सकाळी तिला घेऊन मी वजनकाट्यावर उभी राहायचे, मग एकटी, आणि माझं वजन त्यातून वजा करायचे. आकडा जराही हलला नाही तर पुन्हा काट्यावर चढायचे.

एकदा सुलभाकाकू आल्या. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरला आमच्या शेजारीच राहतात, लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, आता रिटायर झाल्यात. म्हटलं, "काकू, प्लीज तुम्हीच चेक करा ना."

मीराला घेऊन उभी राहिले. मग तिला काकूंकडे देऊन एकटी. वजाबाकी केली आणि ओरडलेच, "वाढलं!"

काकू अजून काट्याकडेच बघत होत्या. "दिवस राहायच्या आधी तुझं वजन किती होतं गं?"

मी सांगितलं.

"अनिकेत!" त्यांनी माझ्या नवऱ्याला अशी हाक मारली की मी दचकले. "पोर छान वाढतेय रे. ही बघ किती उतरलीय. जेवते का काही?"

अनिकेत काट्यावरचा आकडा बघायला वाकला. मीही.

माझा आकडा मी रोज बघत होते. फक्त वजा करायला.